उत्तराखालची जाहिरात : ऊस उत्पादकांच्या एका ग्रुपमधलं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतल्या ऊस उत्पादकांचा हा व्हॉट्सॲप ग्रुप. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कुठला रस्ता बंद, कुठल्या बंधाऱ्यावर किती पाणी, हे एकमेकांना कळवायला तिघा तरुण शेतकऱ्यांनी तो काढला. पाणी ओसरलं, ग्रुप राहिला. बुडालेल्या उसाचं काय करायचं, खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस) ठेवायचा की मोडायचा, असे प्रश्न येत गेले आणि हळूहळू लागणीपासून तोडणीपर्यंतचं सगळं तिथंच विचारलं जाऊ लागलं. सभासदांत शेतकरी बहुसंख्य. त्याशिवाय गुऱ्हाळवाले, रोपवाटिकावाले, कृषी सेवा केंद्रांचे मालक, ठिबकचे वितरक, कारखान्याच्या शेती खात्यातले एक-दोन कर्मचारी आणि जमिनीच्या प्रश्नांना उत्तरं देणारे एक वकील.

व्यापारी मंडळींना मुद्दाम घेतलं होतं, आणि ते योग्यच होतं. शेतकरी आपला दोन एकर ऊस पाहतो. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मात्र आसपासच्या पंधरा-वीस गावांतली पिवळी, तांबेऱ्याची, कुरतडलेली पानं रोज येऊन पडतात. असा माणूस ग्रुपमध्ये नसेल तर निम्मे प्रश्न अनुत्तरित राहतील.

नियम तीनच होते. राजकारण नको, सुप्रभात नको, 'स्वतंत्र जाहिरात टाकू नये'. या तिसऱ्या नियमातल्या 'स्वतंत्र' शब्दाकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

मी या ग्रुपचा सभासद आहे, ॲडमिन नाही. नवे नियम ठरले तेव्हा मसुदा लिहून देण्याचं काम माझ्याकडे आलं, त्यामुळे चर्चा जवळून ऐकता आली. माणसांची, गावांची आणि दुकानांची नावं सगळ्यांच्या संमतीने गाळली आहेत.

अडचण कशी वाढत गेली

सुरुवात एका रोपवाटिकेच्या मालकांपासून झाली. वयाने मोठे, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. ग्रुपमधली सगळ्यात चांगली उत्तरं त्यांचीच. पण प्रत्येक उत्तराखाली एक मजकूर चिकटवलेला असायचा: रोपवाटिकेचं नाव, 'प्रो. प्रा.' करून त्यांचं नाव, गाव, दोन मोबाईल नंबर, मिळणाऱ्या उसाच्या जातींची यादी, 'घरपोच सेवा', 'बुकिंग सुरू', आणि शेवटी हात जोडल्याची चित्रं. स्वतंत्र जाहिरात नव्हती ती, उत्तराची शेपटी होती. नियम मोडला असं म्हणता येईना.

वर्षभरात इतरांनीही तेच उचललं. आण्णांचं उत्तर निदान दहा-बारा ओळींचं, कामाचं असायचं. पुढे 'बरोबर आहे दादा' एवढ्याच दोन-तीन शब्दांखाली आठ-आठ ओळींची जाहिरात येऊ लागली. बोलायला काही नसलं तरी दिवसातून चार वेळा आपलं दुकान सगळ्यांच्या डोळ्यांसमोर न्यायचा तो सोपा रस्ता होता.

तरीही कुणी फारसं बोललं नाही. माणसं आपल्या ओळखीची, उधारी त्यांच्याकडे, पावसाळ्यात औषधाला पळायचं तेही त्यांच्याकडेच. कोण वाईटपणा घेणार? ग्रुपचे नियम ठरवताना हे उधारीचं नातं विसरून चालत नाही. इथं कुणीच परका नसतो.

दोन उत्तरं आणि एक पावसाळी रात्र

प्रश्न ऐरणीवर आला तो दोन उत्तरांमुळे.

शिरोळकडच्या एका शेतकऱ्याने विचारलं होतं, रान क्षारपड आहे, उसाची को ८६०३२ जात लावू की फुले २६५? आण्णांनी २६५ सांगितला, कारणांसकट: क्षारपड रानात तो तग धरतो, टनेज चांगलं येतं, खोडवा फुटतो, पण पक्व व्हायला वेळ घेतो, म्हणून आधी कारखान्याच्या गट ऑफिसात तोडणीचं विचारून ये. हे उत्तर बरोबर होतं. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने काढलेल्या या जातीबद्दल हेच सांगितलं जातं. पण उत्तराखालच्या यादीत २६५ ची रोपं पहिल्या नंबरवर होती. एकाने लगेच लिहिलं, 'ज्याची रोपं शिल्लक, त्याची शिफारस.' शेतकऱ्याने रोपं घेतली नाहीत आणि २६५ ही लावला नाही.

दुसरं उत्तर हुमणीचं. ऑगस्टमध्ये एकाने फोटो टाकला: ऊस पिवळा पडतोय, उपटला तर सहज हातात येतोय, मुळाशी पांढऱ्या अळ्या. एका दुकानदाराने पाच मिनिटांत एका औषधाचं नाव आणि आळवणीचं (ते पाण्यातून मुळाशी ओतायचं) प्रमाण लिहिलं, खाली दुकानाचा पत्ता. शेतकऱ्याने त्याच संध्याकाळी बाटली आणली. दोन दिवसांनी शेती खात्यातल्या सभासदाने बाटलीचा फोटो मागवला आणि दाखवून दिलं की लेबलवर ऊसही नाही आणि हुमणीही नाही. कीटकनाशक कायदा १९६८ खाली औषधाची नोंदणी होते ती ठरावीक पिकासाठी आणि ठरावीक किडीसाठी. शेतकरी ज्याला लेबल क्लेम म्हणतात तो हाच. माहितीपत्रकात ते छापलेलं असतं, पण काउंटरवर ते कोण उघडून बघतं? हुमणीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय तर मे-जूनचा. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, तेव्हा गावाने मिळून ते झाडून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. ते कुणी सांगितलं नाही. सांगून कुणाचा गल्ला भरत नाही.

बरोबर उत्तरावर संशय घेतला गेला, चुकीच्या उत्तरावर विश्वास ठेवला गेला. खाली धंद्याचा मजकूर दोन्हीकडे होता. आण्णांच्या बाबतीत वाचणाऱ्याला हितसंबंध दिसला आणि त्याने उत्तरच टाकून दिलं. दुकानदाराच्या बाबतीत घाईत असलेल्या माणसाला तो दिसलाच नाही, किंवा दिसला तो जवळच्या दुकानाचा पत्ता म्हणून.

त्याच पावसाळ्यात एका रात्री पंचगंगेचं पाणी चढत होतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी. नदीकाठच्या माणसाला हे आकडे तोंडपाठ असतात आणि तो दर तासाला पातळी बघत असतो. ग्रुपवर पातळी टाकली जात होती, कुठली जनावरं कुठं हलवायची ते ठरत होतं. मध्येच कुणीतरी 'काळजी घ्या मित्रांनो' लिहायचं आणि खाली ठिबकच्या अनुदानाची दहा ओळींची जाहिरात. एका बाईंनी रात्री एकच्या सुमारास लिहिलं, 'पाण्याचा आकडा शोधायला मला चार जाहिराती ओलांडाव्या लागतात. आमचा गोठा नदीकडेला आहे.' त्या वाक्यावर बराच वेळ कुणीही काहीही लिहिलं नाही.

काय काय करता आलं असतं

पूर उतरल्यावर ॲडमिन आणि आठ-दहा सभासद शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे आटोपल्यावर बसले.

पहिली मागणी सरसकट बंदीची. नाव नको, नंबर नको, फक्त उत्तर. ऐकायला स्वच्छ वाटतं. पण मग औषध सांगणारा दुकानदार आहे की शेती खात्यातला, हेही कळणार नाही. विकणाऱ्याची ओळख पुसली तर त्याचा हितसंबंध संपत नाही, फक्त झाकला जातो. मला हा पर्याय सगळ्यात धोक्याचा वाटला आणि तसं मी बोललोही.

'फक्त ॲडमिन लिहू शकतील' ही सोय चालू करायची दुसरी सूचना दोन मिनिटांत मागे पडली. प्रश्न विचारता येत नसेल तर ग्रुप कशाला?

तिसरी सूचना जाहिरातीला वर्गणी लावायची. महिन्याला ठरावीक रक्कम द्या, खुशाल जाहिरात करा, पैसे पूरग्रस्तांच्या चाऱ्याला. हेतू चांगला होता, म्हणूनच नाही म्हणायला वेळ लागला. पण पैसे घेतले की ॲडमिनही त्या व्यवहारात आले. वर्गणी भरणाऱ्या दुकानदाराचं चुकीचं उत्तर काढायला मग कुणाचा हात उठेल?

चौथी ओळींच्या मर्यादेची. इथं एक जुना संदर्भ कामी आला. ई-मेल आणि इंटरनेटवरच्या चर्चागटांसाठी शिष्टाचाराचं एक टिपण ऑक्टोबर १९९५ मध्ये निघालं होतं, आरएफसी १८५५. त्यात म्हटलं होतं की खालची सही लहान ठेवा, ढोबळमानाने चार ओळींपेक्षा जास्त नको. तेव्हा जोडणी मिनिटांच्या हिशेबाने मिळायची, वाचणाऱ्याचे पैसे वाया जायचे. आज जाते ती मोबाईलच्या पडद्यावरची जागा. चारच्या दोन ओळी करा, असं ठरत आलं. पण दोन ओळींची मर्यादा हुमणीच्या प्रसंगात कामाला आली नसती. त्या दुकानदाराची जाहिरात दोनच ओळींची होती.

मर्यादेने गर्दी कमी होते, फसगत कमी होत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्या दिवशी यार्डात पहिल्यांदा स्पष्ट झालं आणि पुढची चर्चा सोपी झाली.

ॲडमिनांपैकी एकाला कायद्याची भीती होती: कुणाच्या सल्ल्याने ऊस जळाला तर आपल्यावर येईल का? वकील सभासदांनी सांगितलं, की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात निर्वाळा दिला आहे. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, समान हेतू दिसायला हवा. ते प्रकरण वेगळ्या तऱ्हेचं होतं, पण ॲडमिनच्या जागेकडे न्यायालय कसं बघतं ते त्यातून कळलं. भीती थोडी कमी झाली. भीतीपोटी केलेला नियम नेहमी गरजेपेक्षा कडक होतो, म्हणून हे आधीच बोललं गेलं ते बरं झालं.

निर्णयाची जागा : वर की खाली

शेवटी चर्चा आली ती एका साध्या मुद्द्यावर. जो माणूस सल्ला देतोय तो तीच वस्तू विकत असेल, तर हे वाचणाऱ्याला कधी कळलं पाहिजे? सल्ला वाचण्याआधी की नंतर?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. वस्तूची शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी असा संबंध असेल की ज्याने शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम होईल, तर तो उघड केला पाहिजे, असं त्यात आहे. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने समाजमाध्यमांवरच्या शिफारशींसाठी आणखी सोप्या सूचना दिल्या: खुलासा सहज नजरेत भरेल असा हवा, हॅशटॅग आणि लिंकच्या गर्दीत मिसळलेला नको, शिफारस ज्या भाषेत त्याच भाषेत हवा. गावच्या ग्रुपमधल्या प्रत्येक उत्तराला हे लागू पडतं असा आमचा दावा नव्हता. पण तत्त्व अगदी आमच्या प्रश्नावरचं होतं. खालची सही हा खुलासा म्हणून पुरत नाही, कारण व्हॉट्सॲप लांब मेसेज अर्ध्यात कापतं आणि खालचा भाग 'अधिक वाचा'च्या मागे जातो.

नियम जाहीर करण्याआधी आण्णांशी बोलायचं ठरलं, ग्रुपवर नाही, फोनवर. ॲडमिनने स्पीकर लावला होता, आण्णांना तसं सांगून.

"आण्णा, तुमच्या उत्तराबद्दल कुणाची तक्रार न्हाई. रोपं तुमीच विकताय हे वर सांगा, एवढंच."

"आरं, खाली लिवलंयच की. नाव, गाव, फोन. काय लपवायलोय काय मी?"

"खाली पोचस्तोवर माणूस अर्ध्यात सोडतंय, आण्णा."

"मग वर काय लिवू? मी धंदेवाला हाय, माझं ऐकू नगासा?"

"तसं न्हाई. 'ही रोपं माझ्याकडं बी मिळत्यात' एवढंच. ऐकायचं का न्हाई ते वाचणारा ठरवंल."

आण्णा थोडे थांबले. मग म्हणाले, त्या क्षारपड रानाच्या पोराला मी खरं सांगितलं होतं, त्यानं ऐकलं न्हाई. ॲडमिन म्हणाला, म्हणून तर फोन केलाय. माझ्या मते नियम तिथंच ठरला. आण्णांना उमगलं की वरची ओळ त्यांचं उत्तर कमी करत नाही, त्यावरचा संशय काढते.

ठरलेले नियम

मसुदा मुद्दाम छोटा ठेवला. उत्तरात सुचवलेली वस्तू किंवा सेवा तुम्ही विकत असाल, किंवा विकणाऱ्याकडून तुम्हाला कमिशन मिळत असेल, तर पहिल्याच ओळीत मराठीत तसं लिहा. खाली नाव, गाव, व्यवसाय आणि एक नंबर, जास्तीत जास्त दोन ओळी. भाव, सूट, बुकिंग, लिंक नको. पाच-सहा शब्दांच्या प्रतिसादाखाली काहीच नको. औषध सुचवलं तर लेबलवर ऊस आणि ती कीड असल्याची खात्री करून लेबलचा फोटो जोडा. विक्रीच्या जाहिरातींसाठी वेगळा ग्रुप, ज्याला हवं त्याने तिथं जावं. आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या वर असेपर्यंत मुख्य ग्रुपवर पाणी, रस्ते, जनावरं आणि माणसं यांखेरीज काहीही नको, सहीसुद्धा नाही.

वकिलांसाठी वेगळा नियम लागला नाही. त्यांच्या सहीत 'जमिनीच्या केसेस घेतल्या जातील' असं होतं. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाल्यावर त्यात 'सर्किट बेंच' हे शब्दही आले होते. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला कामाची मागणी किंवा जाहिरात करता येत नाही. त्यांनी स्वतःच ती ओळ काढली आणि नाव तेवढं ठेवलं.

नियम मोडला तर पहिल्यांदा ॲडमिनचा खासगी मेसेज, दुसऱ्यांदा मेसेज काढून टाकणं, तिसऱ्यांदा ग्रुपबाहेर. मेसेज काढताना कारण ग्रुपवर लिहायचं नाही, ज्याचा त्याला कळवायचं.

परिणाम

आण्णांनी दुसऱ्या दिवसापासून वरची ओळ सुरू केली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे चौकशीचे फोन घटले नाहीत. फोन करणारा आता आधी उसाची जात ठरवून करतो, पूर्वी भाव विचारून ठेवून द्यायचा. क्षारपड रानाच्या त्या शेतकऱ्याने पुढच्या पूर्वहंगामी लागणीला थोड्या रानात २६५ लावला, मात्र रोपं दुसरीकडून आणली. आण्णांनी त्यालाही रोपांमधलं अंतर समजावून सांगितलं, याची मला फार किंमत वाटते.

हुमणीवाला दुकानदार गेला. नियम वाचून त्याने ग्रुप सोडला, स्वतःचा वेगळा काढला आणि काही सभासद त्याच्याबरोबर गेले. ग्रुपचं त्यात नुकसान झालं, ते मान्य करायला हवं. पाच मिनिटांत उत्तर देणारा माणूस होता तो, आणि त्याची सगळी उत्तरं काही चुकीची नव्हती.

मुख्य ग्रुपवरची गर्दी ओसरली. पण काही जाहिराती फक्त जागा बदलून बसल्या. एकाने व्हॉट्सॲपवरचं स्वतःचं नावच 'अमुक ठिबक, अनुदान उपलब्ध' असं केलं. त्यामुळे त्याचा प्रत्येक मेसेज जाहिरात घेऊनच येतो. त्याहून त्रासाचं म्हणजे, कुणी प्रश्न विचारला की त्याला खासगीत तीन-चार दुकानदारांचे मेसेज जाऊ लागले. तिथं दिलेला सल्ला कुणी दुसरा वाचत नाही, त्यामुळे चुकीचा असेल तर लेबलचा फोटो मागणाराही कुणी नाही. दोन शेतकऱ्यांनी सांगितलं की आता ते ग्रुपवर प्रश्न विचारायलाच कचरतात.

वेगळं काय करता आलं असतं

हुमणीवाल्या दुकानदारालाही आण्णांसारखा फोन जायला हवा होता. तो गेला नाही, कारण आण्णांबद्दल आदर होता आणि याच्याबद्दल राग. त्याला नियम कळला तो सगळ्यांबरोबर, पिन केलेल्या मेसेजमधून, बाटलीच्या प्रकरणानंतर लगोलग. त्याला तो आपल्यावरच रोखलेला वाटला, आणि त्याचं तसं वाटणं स्वाभाविक होतं.

पुराच्या दिवसांचा नियम मे महिन्यातच ठरायला हवा होता. २०१९ नंतर २०२१ चाही पूर या गावांनी पाहिलेला आहे. ग्रुपचा जन्मच पुरातला, आणि पुरात ग्रुप कसा चालवायचा हेच सगळ्यात शेवटी लिहिलं गेलं. त्या रात्री एकला मेसेज करणाऱ्या बाई यार्डातल्या बैठकीला नव्हत्या. बैठकीला एकही बाई नव्हती. गोठा, चारा आणि पाण्याचे मेसेज सगळ्यात जास्त वाचतात त्या घरातल्या बायका. त्यांना विचारलं असतं तर 'खासगीत मेसेज येतात' ही तक्रारही कदाचित आधीच कळली असती, कारण अनोळखी दुकानदारांचे फोन त्यांना आधीपासून येत होते. पुढच्या बैठकीला दोघींना बोलावलं आहे, आणि बैठक यार्डाऐवजी गावातल्या दूध संस्थेच्या खोलीत, सकाळच्या संकलनानंतर ठेवली आहे.

त्या बैठकीपुढे दोन विषय आहेत. प्रश्न विचारणाऱ्याला त्याने स्वतः मागितल्याशिवाय खासगीत विक्रीचा मेसेज करायचा नाही, असा नियम घालायचा का, आणि तो पाळला जातो की नाही हे कुणी बघायचं? दुसरा विषय व्हॉइस नोटचा. लिहायचा कंटाळा असलेले बरेच जण आता बोलूनच उत्तर देतात आणि शेवटी दुकानाचं नाव-पत्ता सांगतात. लेखी नियमात त्याबद्दल एक अक्षरही नाही. आण्णांनी सुचवलंय की बोलतानाही पहिलं वाक्य तेच असावं: 'हे माझ्याकडं बी मिळतंय.'